उषाताईची पहिली आंघोळ

लिही प्रांजली. आणि गोड करून लिहू नकोस. तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी पागोटंवाला सरदार नाहीतर वकील छापतात. या वर्षी आमच्या शेजारची उषाताई छापा म्हणावं. मी तिला विचारलंय. ती म्हणाली, "छापा, पण वय नका लिहू." तर वय राहू दे.

इथे ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात त्यांची गच्ची आणि आमची गच्ची एकाला एक लागून, मधे कमरेएवढी मुंडेर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मुंडेरीवरून आमचं बोलणं चाललंय. तेव्हा मी जे सांगते ते डोळ्यांनी पाह्यलेलं सांगते.

उषाताई म्हणजे पांडुरंगरावांची धाकटी बहीण. पणजे-खापरपणजे फौजेत घोड्यावरचे, आणि पांडुरंगराव बिजलीघरात बाबू. उषाताईला दतियाला दिली होती. नवऱ्याचं दुसरीकडे बिऱ्हाड होतं, लग्नाच्या आधीपासून. सासरच्या सगळ्यांना माहीत, एक हिलाच नाही. एक दिवस पेटी घेऊन भावाच्या दारात आली. रडली नाही. "दादा, मी कुठे झोपू?" एवढंच विचारलं. पांडुरंगराव म्हणाले, "न्हाणीशेजारची खोली घे. बंबाच्या भिंतीमुळे ऊब राहते तिथे."

बंब तुला काय माहीत! तांब्याचा असतो, हा एवढा. मधून नळकांडं, त्यात लाकडं पेटवायची, भोवती सगळं पाणी. वरून गार ओतत राहायचं, खालच्या टोंटीतून ऊन पाणी निघतं. तर जी त्या खोलीत झोपणार, बंब तिचाच झाला ना! कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. पहाटे उठून ती लाकडं घालायची, फुंकायची, डोळे लाल करून घ्यायची. आधी पांडुरंगराव, त्यांना दफ्तर. मग त्यांची बायको, तिला दमा. मग हेमेंद्र, शाळेत जाणारा लाडका लेक. पाहुणा असला तर पाहुणा. तोवर राख व्हायची, पाणी कोमट व्हायचं, आणि ते कोमट ती खरकट्या भांड्यांसाठी ठेवायची. हिला पण कामावर जायचं असायचं, मुलींच्या शाळेत पोरींना पाणी पाजायचं, वर्ग झाडायचे. मग काय, नळाखाली बसायचं, अंगावर गार तांबे घ्यायचे, हर हर गंगे, झाली आंघोळ.

आणि ग्वाल्हेरचा जानेवारी तुला माहितेय. समोरच्या घराचं दार दिसत नाही धुक्यात. नळाला हात लावला की बोटं आपली राहत नाहीत.

आता सवयीचं लिही, कारण माझा सगळा राग त्या एका शब्दावर आहे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, उषाताईचं काय बाई, तिचं तर बाराही महिने कार्तिकस्नान. मोठं व्रतच करून टाकलं तिचं! पांडुरंगराव पाहुण्यांना छाती काढून सांगायचे, "आमच्या उषीला ऊन पाणी चालतच नाही. मराठ्याची पोर आहे." ऊन पाण्याने न्हालेले पाहुणे माना डोलवायचे. मी एकदा मुंडेरीवरून सरळ विचारलं, "खरंच गार पाणी आवडतं का गं तुला?" ती कपडे पिळत होती. म्हणाली, "दगडाला आवडतं वहिनी. मला कोणी विचारलंय?"

दिवाळीत तर माझा जीव जळायचा. नरकचतुर्दशीला आपण पहिली आंघोळ म्हणतो ना? सूर्य उगवायच्या आत तेल लावून, उटणं लावून, ऊन पाण्याने न्हायचं. जो नाही न्हायला तो नरकात जातो म्हणतात. ही अंधारात उठून बंब पेटवणार, पाट मांडणार, एकेकाच्या पाठीला तेल चोळणार, ओवाळणार. आणि हिची स्वतःची पहिली आंघोळ? शेवटची. ऊन अंगणात आल्यावर, गार पाण्याने, उटण्याची वाटी निपटून. घरदार स्वर्गात पोचवलं आणि ही दरवर्षी नरकाच्या दारात उभी! आणि कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. सण होता ना, सगळे खूश होते.

पांडुरंगराव गेले, त्यांची बायको गेली. राहिले हेमेंद्र आणि त्याची बायको गरिमा. ती मुरैन्याची, हिंदी बोलणारी. हेमेंद्राने घर नवं केलं. त्यांच्या झोपायच्या खोलीतच चकचकीत बाथरूम, त्यात गीझर. खालच्या न्हाणीत काय, तर नळ. आणि परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सफाईत याने बंब कबाड्याला भंगारात देऊन टाकला. मी मुंडेरीवरून ओरडले, "अरे, उषाताई आंघोळीला पाणी कुठलं घेणार?"

"काकू, आत्याला तर गार पाण्याचीच सवय आहे. और फिर गीझर है ना, मना किसने किया?"

मना कोणीच नाही केलं. पण ही उठते पहाटे, आंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावत नाही, चूल पेटवत नाही. त्या नवराबायकोच्या खोलीचं दार आठपर्यंत बंद. म्हातारीने टॉवेल घेऊन ते दार वाजवायचं का? एवढी अक्कल पाहिजे ना माणसाला.

बंब ठेल्यावर गेला. गल्लीच्या वळणापर्यंत तांब्याचा आवाज येत होता. उषाताई दारात उभी होती. म्हणाली, "वहिनी, जन्मभर मी त्यात लाकडं घातली. विकायच्या आधी विचारलं असतं ना, तर एकदा, एकदाच, त्याचं पाणी अंगावर घेतलं असतं. मग न्या म्हटलं असतं." तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा रागात पाह्यलं. आवाज चढला नाही. नाकाचं टोक पांढरं पडलं.

मग उन्हाळ्यात काय झालं, आमच्या गच्चीवर झाडांना पाणी घालायचा काळा पाइप पडला होता. उषाताईने सहज उचलला, टोंटी सोडली, आणि हात भाजला. बोटं तोंडात घालून हसायला लागली. म्हणाली, "हा सूर्य सहा महिने आपल्याला भाजतो फुकटचा. याला कामाला लावते मी. या पहिल्या आंघोळीला मी ऊन पाण्याने न्हाणार, आणि सगळ्यांच्या आधी न्हाणार. लिहून ठेवा."

मला कुठे लिहिता येतं! पण लक्षात ठेवलं.

दाल बाजारातून तिने एक लोखंडी पिंप आणलं, सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलाचं, रिकामं. सोड्याने घासलं, राखेने घासलं, तरी वास काही जाईना. मी म्हटलं, अगं, अंगाला लोणच्याचा वास येईल. तर म्हणे, "बरंच झालं. तेल लावायचं काम वाचलं." गेटचा काळा रंग उरला होता तो पिंपाला फासला. वाळायच्या आधीच हात लावून पाह्यला, मग तोच हात कपाळाला लावला, आणि दिवसभर तशीच फिरली. कोणी सांगितलं पण नाही. मीच सांगितलं संध्याकाळी.

पिंप ठेवलं जुन्या कूलरच्या स्टँडवर. भरलेलं पिंप म्हणजे म्हशीचं वजन, तो स्टँड कुठला टिकतो! पाय वाकले, पिंप कलंडलं, आणि सगळं पाणी आमच्या गच्चीवर, माझ्या उडदाच्या वड्या वाळत होत्या त्यांवर. आम्ही दोघी दोन दिवस बोललो नाही. मग नाक्यावरचा विक्रमसिंह वेल्डर आला, त्याने अँगल लावून नवी घोडी बनवून दिली. पिंपाच्या बुडाशी टोंटी बसवली. टोंटीला पाइप, आणि पाइपच्या तोंडाला झाडांच्या जुन्या झारीचा हजारा, तो भोकांचा चेहरा असतो ना, तो. खाली पाट. भोवती बांबू रोवून जुन्या चादरींचा आडोसा. पाटावर बसायचं, टोंटी फिरवायची, वरून पाऊस. विक्रमसिंह म्हणाला, "माताजी, ये तो होटल वाला शॉवर हो गया." उषाताई म्हणाली, "हॉटेलात मी कधी गेले नाही बाबा. तूच सांग, तिथे पण लोणच्याचा वास येतो का?"

पहिल्यांदा पिंप चुकीच्या जागी होतं, दुपारी आमच्या टाकीची सावली त्यावर यायची. मग हलवलं. दसऱ्यापर्यंत सगळं बसलं. दुपारी पाण्यात हात घाल, चटका. पण पहाटे? बर्फ. रात्रीतून सगळं निवून जायचं. पोतं टाकून पाह्यलं, नाही जमलं. मी म्हटलं, अगं दुपारी न्हा की. तर कडाडली, "दुपारी न्हायला माझ्या घरी सुतक आहे का?" बरोबरच आहे. पहिली आंघोळ पहाटेच असते, दुपारच्या पहिल्या आंघोळीला कोणता देव विचारतो? म्हणून तिने हिशेब केला, आदल्या दिवशी सकाळपासून मावळेपर्यंत सगळं ऊन पिंपालाच लागू द्यायचं, जराही सावली नको. मग पहाटेपर्यंत काहीतरी उरेल.

हेमेंद्राचं आपलं वेगळंच. दिवाळीला गरिमाचे आईवडील येणार होते. हा गच्चीवर येऊन नाक धरून म्हणाला, "आत्या, हे कबाड काय मांडून ठेवलंय? लोग क्या कहेंगे? सफाईत कबाडी बोलावलाय, हे पण जाऊ दे."

उषाताई म्हणाली, "पहिली आंघोळ होऊ दे. मग बघू."

"अगं पण आत्या, तुला सवय..."

तिने त्याच्याकडे असं पाह्यलं की पुढचं त्याने गिळलं. पण कबाडी काही रद्द नाही केला.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी नया बाजारात गेलो उटणं आणायला. इथे उटणं मागितलं की दुकानदार उबटन देतो, हळद-बेसनवालं. आपलं वासाचं उटणं एकाच दुकानात मिळतं. निघताना उषाताईने गरिमाला हाक मारली. गरिमा धुतलेले पडदे घेऊन वर चालली होती. उषाताई तिच्याशी मराठीतच बोलते. म्हणते, माझ्या घरात मी का हिंदी बोलू. गरिमाला अर्धं कळतं, अर्ध्याला ती मान हलवते.

"सूनबाई, पडदे तिकडे घाल. माझ्या पिंपाला ऊन लागलं पाहिजे. चारी बाजूंनी ऊन लागलं पाहिजे, समजलं? ऊन नाही लागलं तर माझी आंघोळ गेली."

गरिमाने मान हलवली.

आम्ही परत आलो तेव्हा सूर्य कलायला लागला होता. वर चढलो आणि उषाताई पायरीवरच थांबली. पिंप दिसतच नव्हतं! स्वेटर, मफलर, एक लोकरीची शाल, हेमेंद्राची कॉलेजची लाल जर्सी, कोणाची तरी कानटोपी झाकणावर, आणि सगळ्यावरून सुतळी करकचून बांधलेली. जसं एखादं थंडीने कुडकुडणारं म्हातारं बसवलंय उन्हात.

प्रांजली, तिचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "ऊन अडवलंस! मुद्दाम अडवलंस! बंब विकला, आता सूर्यपण विकता का माझा?"

गरिमा धावत आली. "मैंने क्या किया बुआजी?"

"ऊन लागू दे म्हटलं होतं ना तुला!"

"तो लगाया तो है! आपने ही कहा था, चारों तरफ से ऊन लगाओ। पूरी अलमारी खाली कर दी मैंने। इतनी सारी ऊन तो लगा दी!"

मी मुंडेरीला धरून उभी होते. मला आधी कळलं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर! मला इतकं हसू आलं की खाली बसले. पण उषाताईला हसू नाही आलं. तिने सुतळ्या ओरबाडायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी, नाकाचं टोक पांढरं. "माझी जन्मातली पहिली ऊन आंघोळ होती गं. जन्मातली."

गरिमाने हे मात्र पुरतं समजून घेतलं. म्हणाली, "जन्म में पहली? इन्होंने तो कहा था आपको ठंडा ही पसंद है।"

"मला कोणी विचारलंय?" उषाताई म्हणाली. तेच वाक्य. मी परत ऐकलं ते, इतक्या वर्षांनी.

तेवढ्यात हेमेंद्र कबाड्याला घेऊन वर आला. कबाडी घोडी हलवून बघायला लागला. हेमेंद्र म्हणाला, "हां, यही है. आत्या, तमाशा नको, उद्या पाहुणे येतायत."

उषाताई म्हणाली, "बंब नेलास तेव्हा मी गप्प होते."

"तू कधी म्हणालीसच नाही तुला पाहिजे होता!"

"म्हणायला तोंड लागतं रे. माझ्या तोंडात तुमच्या आंघोळीचा धूर होता."

मी म्हटलं, "हेमेंद्र, लाज धर. तुझ्या पाठीला तेल लावून लावून तिचे हात..."

"काकू, तुम्ही मधे बोलू नका."

"मधे? मी मुंडेरीच्या माझ्या बाजूला उभी आहे. माझ्या बाजूला मी वाटेल ते बोलीन!"

कबाडी बिचारा एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. त्याने पिंपाला हात लावला, आणि गरिमा मधे येऊन उभी राहिली. "ऐ भैया, हाथ मत लगाना। मेरे स्वेटर बँधे हैं इसमें।"

"गरिमा, तू काय..." हेमेंद्र म्हणाला.

"आपने मुझसे झूठ क्यों बोला?"

"क्या झूठ?"

"कि बुआजी को आदत है।"

कबाड्याला घाई होती. तो खालचा एक पंखा आणि रद्दी घेऊन गेला. हेमेंद्र पाय आपटत त्याच्या मागून. माफी-बिफी काही मागितली नाही, तू तसलं काही लिहू नकोस. त्याने नाही मागितली.

उषाताईने झाकण उघडून हात घातला, आणि पटकन बाहेर काढला. सकाळभराचं ऊन आत तसंच होतं, गुंडाळल्यामुळे जराही हललं नव्हतं. तिने झाकण परत घट्ट लावलं. मग ती आणि गरिमा, दोघींनी मिळून लोकर सोडली आणि पिंपाला उरलेलं ऊन खाऊ दिलं. सूर्य समोरच्या घरांमागे गेला तसं गरिमाने स्वेटरांचा गठ्ठा उचलला आणि अगदी हळू विचारलं, "बुआजी, अब लगा दूँ ऊन?"

"लाव," उषाताई म्हणाली. "आता लाव."

पहाटे मी पणती आणि तेलाची वाटी घेऊन त्यांच्या जिन्याने वर गेले. उषाताई आडोशात पाटावर बसली होती, जुनं लुगडं गुंडाळून. मी तिच्या पाठीला तेल लावलं. हाडं लागत होती हाताला. तिच्या पाठीला दुसऱ्या कोणाचा हात कधी लागला असेल, तिच्या आईनंतर? मी ओवाळलं. मग तिने टोंटी फिरवली.

ऊन होतं पाणी. कडकडीत नाही, खोटं लिहू नकोस. पण ऊन. वाफ दिसत होती थंडीत, आणि सरसोंचा वास. पहिला थेंब डोक्यावर पडला तेव्हा तिने खांदे आवळून घेतले, गार पाण्याला आवळतात ना, तसे. जन्माची शिस्त ती. मग हळूहळू खांदे खाली आले.

तेवढ्यात खालून हेमेंद्राची हाक. "आत्या! उटणं कुठे आहे? पाट कोण मांडणार? उशीर होतोय, सूर्य निघेल!"

तिचं तोंड उघडलं, मी पाह्यलं. 'आले रे' अगदी ओठांवर आलं होतं. तिने तोंड मिटलं. पाणी पडत राहिलं.

"आत्या!"

खाली गरिमाचा आवाज आला, "वो नहा रही हैं। आप खुद ढूँढ लीजिए।"

मी म्हटलं, पुरे गं, बाधेल. ती म्हणाली, "पिंप रिकामं होऊ दे." आणि खरंच, सगळं पिंप संपेपर्यंत उठली नाही. कोणासाठी एक तांब्या ठेवला नाही. भांड्यांसाठी पण नाही. हजारा शेवटी थेंब थेंब करायला लागला, मग थांबला, आणि तेव्हा कुठे पूर्वेला उजाडायला लागलं.

इथे संपवलं तर गोड होईल. म्हणून पुढचं पण लिही. फराळाला सगळे जमले होते, गरिमाचे आईवडील, गल्लीतले चारजण, मी. हेमेंद्र चहा घेत हसून सांगत होता, "हमारी आत्या ने छत पे क्या जुगाड़ बनाया है, देखिएगा! म्हातारपणी आत्याला पण ऊन पाणी लागायला लागलं." सगळे हसले. मला इतका राग आला की कपातला चहा त्याच्यावर टाकावा.

उषाताई चकल्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"लागायला नाही लागलं रे. लागतच होतं."

आणि ताट त्याच्यापुढे न करता ती पुढच्या पाहुण्याकडे गेली.